वाल सोलताना

भिजलेला वाल अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबला, की साल बोटांत राहतं आणि आतली डाळिंबी टपकन ताटात पडते. जोर जास्त झाला तर ती दुभंगते, कमी पडला तर सुटतच नाही. किती दाबायचं हे सांगून कळत नाही. दहा-वीस दाणे वाया गेले की बोटांचं बोटांनाच उमगतं. माझ्या आईचं माहेर अलिबागकडचं. त्यामुळे सांगलीत राहूनही आमच्याकडे श्रावणी सोमवारी वालाचं बिरडं व्हायचंच. दोन दिवस आधी भिजत घातलेले, मग फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि घरातल्या सगळ्या बायकांनी परातीभोवती बसायचं. बोटं बुळबुळीत व्हायची आणि हाताला दिवसभर एक हिरवट, कडसर वास यायचा. त्या परातीभोवती बोललेल्या कितीतरी गोष्टी मी विसरले, तो वास मात्र अजून तसाच आठवतो.

यंदा जानेवारीत तो वास मला बंगळुरूत भेटला. माझी भाची तिथे एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करते. मत्तीकेरेतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने गेले होते, पिशवीत तिच्यासाठी भडंग आणि घरमालकीणबाईंसाठी किलोभर कडवे वाल घेऊन. पोचले त्याच दिवशी पाहिलं, तर त्या अज्जी जिन्यापाशी मोठं पातेलं घेऊन बसलेल्या आणि पातेल्यात भिजलेले, टपोरे, हिरवे दाणे. आपल्याकडे ज्याला वाल किंवा पावटा म्हणतात त्याचाच हा सख्खा भाऊ, अवरेकाई. थंडीत मागडीकडून त्याच्या शेंगा गाड्या भरभरून शहरात येतात. दवात भिजलेल्या शेंगेला एक तेलकट सुगंध असतो, त्याला तिथे ‘सोगडु’ म्हणतात. दाणे भिजवून, चिमटून सोलले की त्यांना ‘हितिकिद बेळे’ असं नाव मिळतं. जानेवारीच्या सुमारास शहरात या एका दाण्याचा मेळा भरतो आणि त्यात डोशापासून जिलबीपर्यंत सगळं अवरेकाईचं असतं. सांगली-मिरजेच्या माणसाच्या कानावरून कन्नड गेलेलं असतं, पण मला ते बोलता येत नाही. मी नुसतीच समोर बसले आणि पातेल्यात हात घातला. अज्जींनी माझ्या बोटांकडे क्षणभर पाहिलं आणि दुसरं ताट माझ्यापुढे सरकवलं.

भाची तिथेच पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. पीएचडीच्या अर्जाचा मसुदा करत होती. फेब्रुवारीत गेटची परीक्षा, नेटच्या निकालाची वाट, मग एकेका संस्थेचे अर्ज आणि उन्हाळ्यात मुलाखती, असं तिचं वर्ष आखलेलं. गुणपत्रिका स्कॅन झाल्या होत्या. शिफारसपत्रांसाठी तीन प्राध्यापकांना नम्र ई-मेल गेले होते, त्यांतल्या एकाला दोनदा. आता फक्त एक रकाना उरला होता. तुम्हाला संशोधन का करायचं आहे, ते लिहा. तिने चार ओळी टाइप केल्या की तिचं बोट खोडायच्या कळीवर जाई आणि ओळी एकेक करून मागे मागे सरत नाहीशा होत. पडद्याच्या कोऱ्या चौकटीत ती उभी काडी लुकलुकत राहायची. सकाळपासून हे चाललं होतं.

“मावशी, ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ असं सगळेच लिहितात गं.”

“मग तू काय लिहिणार?”

ती काही बोलली नाही. पातेल्यातून एक दाणा उचलून तिने दाबला. तो दुभंगला.

‘अर्ज’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला आणि येताना दरबार घेऊन आला. अर्ज करायचा तो वरच्याकडे, मान थोडी खाली घालून. शाळेत आम्हाला पाचवी-सहावीतच तो लिहायला शिकवत. डाव्या बाजूला समास सोडून ‘माननीय मुख्याध्यापक यांस’, मधे तापाचं किंवा लग्नाचं कारण, आणि शेवटी उजवीकडे ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना अशा अर्जांचे गठ्ठे मी वाचले. मुलांना सुट्टी हवी असायची, सवलत हवी असायची, फी भरायला मुदत हवी असायची. मला हे कळून घ्यायचं आहे, मला आत येऊ द्या, अशा मजकुराचा अर्ज एकदाही माझ्या टेबलावर आला नाही. तो लिहायला आम्ही कुणी शिकवलंच नव्हतं.

भाचीला खरं काय लिहायचं होतं ते मला ठाऊक होतं. ती बारावीत असताना माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, क्षय झाला. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही नावं आमच्या घरात भाज्यांच्या नावांसारखी रुळली. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी आई घाबरून गेली होती. तिचा गोळ्यांचा डबा म्हणजे जुना, पत्र्याचा, झाकणावर राधाकृष्णाचं चित्र असलेला. रोज सकाळी नात तो उघडून गोळ्या मोजून हातावर ठेवायची. दोन महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, भूक परत आली. त्या दिवसांत एकदा आईने हातावरच्या गोळ्यांकडे बघत नातीला विचारलं, “मला बरं वाटतंय की आता. मग आणखी चार महिने कशाला?”

नातीकडे तेव्हा पुस्तकातलं उत्तर होतं. जंतू पूर्ण मरायला हवेत, नाहीतर आजार उलटतो. आजीचं समाधान झालं नाही. “कुठं लपून बसतात मग ते? आणि औषध समोर असताना मरत कसे नाहीत?” एवढं म्हणून तिने गोळ्या घेतल्या. सहा महिने एक दिवस न चुकता घेतल्या, बरी झाली आणि त्यानंतर पाच वर्षं आमच्यात राहिली. तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला. भाची पुढे एम.एस्सी. झाली आणि तिच्या लक्षात आलं, की आजीने विचारलं होतं तेच आज मोठमोठ्या प्रयोगशाळांतले लोक विचारत आहेत. क्षयाच्या जंतूंतले काही जंतू औषधाच्या माऱ्यातही तगून राहतात. ते वाढत नाहीत, मरत नाहीत, निपचित पडून असतात. त्यांनी औषधाला दाद न देण्याचा गुण मिळवलेला नसतो. ते फक्त थांबलेले असतात. का आणि कसे, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही.

“मग हेच लिही की,” मी म्हटलं.

“आजीचा आजार मी माझ्या अर्जात वापरू?” तिने इतक्या हळू विचारलं की मला सोलणं थांबवावं लागलं. “मुलाखतीला बसलेल्यांना माझी दया येईल. मला दयेवर आत नाही जायचं.”

तिचा संकोच मला पटला आणि आवडलाही. घरातलं दुःख बाहेर मांडताना आपण नकळत त्याची किंमत ठरवत असतो. आजीचा पत्र्याचा डबा त्या चौकटीत मांडायला तिचा हात धजत नव्हता, म्हणून तिचं वाक्य दर वेळी त्या डब्याजवळ येऊन माघारी फिरत होतं.

क्षयाचा जंतूच मुळात सावकाश जगणारा. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय प्रयोगशाळेत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यालाच जवळजवळ २० तास लागतात. बशीत त्याची वसाहत डोळ्यांना दिसायला कित्येक आठवडे जातात. प्रयोग लावायचा आणि महिनाभर वाट पाहायची, एवढं करून बशीला बुरशी लागली तर पुन्हा पहिल्यापासून. भाची हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसते. पाच-सहा वर्षांचा हा रस्ता आहे, फेलोशिप सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, आणि सांगलीला गेलं की प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारणार, “अजून शिकतेच का?” हे सगळं तिला ठाऊक आहे. तरीही तिला त्या रेंगाळणाऱ्या जंतूची इतकी ओढ का वाटते, हे मी तिच्या आईला समजावून सांगू शकले नाही. काही माणसांचा स्वभावच असा, की न सुटलेली गाठ त्यांना खिशात लागते. सोडवायची म्हणून नव्हे, चाचपायची म्हणून.

रविवारी दुपारी ती मला घेऊन भारतीय विज्ञान संस्थेत गेली. शहरातले जुने लोक आजही तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. १९०९ साली स्थापन झालेली ही संस्था, जमशेटजी टाटांच्या मनातली आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभी राहिलेली. आतल्या रस्त्यांना झाडांची नावं आहेत. मुख्य इमारत करड्या दगडाची, मधोमध मनोरा, समोर टाटांचा पुतळा. रविवारी तिथे इतकी शांतता होती की वाळकं पान पडल्याचाही आवाज येत होता. मी तो लांबलचक व्हरांडा पाहत उभी राहिले आणि मनात म्हटलं, इथेच कुठेतरी ती बसली असेल.

ती म्हणजे कमला भागवत. मराठी वाचकाला आधी आठवतात त्या तिच्या थोरल्या बहीण, ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई. कमला १९११ साली जन्मली. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही याच संस्थेतून अगदी सुरुवातीच्या काळात रसायनशास्त्र शिकून बाहेर पडलेले. म्हणजे ज्या घरात बंगलोरच्या या संस्थेचं नाव आजोळच्या गावासारखं घेतलं जात असेल, तिथली ही मुलगी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, गुणवत्ता यादीत पहिली आली आणि वडील-काकांच्या वाटेने तिने इथे अर्ज केला. त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन संस्थेचे संचालक झाले होते. नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

बावीस वर्षांची ती मुलगी मग मुंबईहून इथे आली आणि कारण विचारायला संचालकांच्या दारात ठिय्या देऊन बसली. देशात सत्याग्रहाचे दिवस होते. मिठासाठी, जंगलासाठी, देवळात जाण्यासाठी माणसं बसत होती. प्रयोगशाळेच्या दारासाठी कुणी बसल्याचं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. अखेर रामन यांनी तिला आत घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम करावं लागेल, आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. पहिल्या दोन अटी कुणालाही घालता येतील. तिसरी अट वाचून आजही माझा चेहरा तापतो. तिने तीही मान्य केली. मान्य केली म्हणजे विसरली नाही; पुढे म्हातारपणी, सत्काराच्या व्यासपीठावरूनही, हा अपमान आपण विसरू शकलो नाही असं तिने स्पष्ट सांगितलं. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे ती नाकारत नव्हती. ते मोठे होते आणि त्यांनी असं केलं, ही दोन्ही वाक्यं तिने शेजारी शेजारी ठेवली.

वर्षभरात तिचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली तिने डाळी-कडधान्यांतल्या आणि दुधातल्या प्रथिनांवर काम केलं आणि १९३६ साली एम.एस्सी. झाली. तिथून केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारं सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही असतं, हे तिने दाखवलं. १९३९ साली डॉक्टरेट मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. मग मायदेशी परत, दिल्ली, कुन्नूर, आणि लग्नानंतर कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये.

या दोघी बहिणींचा विचार करताना मला त्यांचं बसणं आणि उभं राहणं दिसतं. एक १९३३ साली बंगलोरच्या दारात बसली. दुसरी १९७५ साली आमच्या सांगलीशेजारच्या कराडात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर उभी राहिली आणि आणीबाणीविरुद्ध बोलली. त्या घरातल्या जेवणाच्या पानावर काय विषय निघत असतील? मुलींनी प्रश्न विचारला की मोठी माणसं हातातला घास खाली ठेवून उत्तर देत असतील का? असं एखादं घर असल्याशिवाय अशी पाठ ताठ होत नाही, असं मला वाटत राहतं.

संध्याकाळी खोलीवर परतलो तर अज्जींनी सोललेल्या डाळिंब्यांचं सांबार वर पाठवलं होतं. वाटीतली डाळिंबी चमच्याने दाबून पाहिली. लोण्यासारखी शिजली होती. मी भाचीला म्हटलं, “तुला माहीत आहे का, मुंबईत सोहोनीबाई आणि त्यांचे विद्यार्थी या असल्या दाण्यांवरच काम करत होते.” आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. कच्च्या कडधान्यात त्याचा हात धरून ठेवणारं एक द्रव्य असतं, ट्रिप्सिनरोधक. दाण्याने ते कीटकांपासून स्वतःला राखण्यासाठी जवळ बाळगलेलं. म्हणून कच्चं कडधान्य खाल्लं तर अंगी लागत नाही, पोट दुखतं. चांगलं शिजलं की उष्णतेने या रोधकाची पकड ढिली होते. भारतीय कडधान्यांतले हे रोधक बाईंच्या प्रयोगशाळेत एकेक करून तपासले गेले. माझी आई “नीट शिजू दे गं, कच्चट वाल बाधतात” एवढंच म्हणायची. तिच्या त्या वाक्यातल्या ‘का’पाशी बाई जाऊन बसल्या होत्या.

आणि हे घडायला सुरुवात कुठे झाली, तर या शहरात! बंगळुरूच्या नावाची एक गोष्ट इथे सगळे सांगतात. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीत वाट चुकला, भुकेला होता. रानातल्या एका म्हातारीने त्याला शिजवलेले दाणे खायला दिले. त्या गावाला तो म्हणाला ‘बेंदकाळूरु’, शिजल्या दाण्यांचं गाव. इतिहासाला ही गोष्ट मान्य नाही. बेगूरच्या वीरगळावर इ. स. ८९० च्या सुमाराला, म्हणजे त्या राजाच्या कितीतरी आधी, बेंगळूरु हे नाव कोरलेलं आहे. तरी मला ती म्हातारी खरी वाटते. दारात कोण आलंय हे तिला ठाऊक नव्हतं. आलेल्याला भूक आहे एवढं तिने पाहिलं आणि दाणे पुढे केले, तेही शिजवलेले.

त्या रात्री मी भाचीला माझी गोष्ट सांगितली. तिच्या आईलाही ती पुरती माहीत नाही. १९८३ साली मी एम.एस्सी. झाले तेव्हा मलाही बंगलोरला यायचं होतं. त्या वेळी अर्ज टपालाने मागवावा लागे; डिमांड ड्राफ्ट आणि स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला मोठा लिफाफा पाठवायचा. तीन आठवड्यांनी जाड कागदाचा अर्ज आला. मी तो आधी पेन्सिलीने भरला, मग निळ्या शाईने. एका प्राध्यापकांची शिफारस हवी होती. त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी मायेने म्हणाले, “तुम्ही मुली लग्न ठरलं की सोडून जाता. एक जागा वाया जाते. गरजू मुलगा असतो कुणीतरी. त्यापेक्षा बी.एड. करा.” त्यांच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. मी चहा संपवला, “बरं सर” म्हटलं आणि बाहेर आले. सायकलला किल्ली लावताना माझ्या हातात तो लिफाफा होता. मी रडले नाही, रागावलेही नाही. मला ते पटल्यासारखंच वाटलं, आणि आज त्याच गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुमकूरसारखं झालं गं.” मला कळेना. बंगळुरूत बळ्ळारी रोडवर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे, १९५९ साली सुरू झालेली. तिथल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयाच्या रुग्णांची पाहणी केली आणि १९६३ साली प्रसिद्ध केली. तोवर शहाण्यांचा समज असा होता, की खेड्यातल्या माणसाला आपल्या आजाराचं गांभीर्य नसतं, त्याला शोधून, समजावून दवाखान्यात आणावं लागतं. पाहणीत दिसलं ते उलटं. बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय हे कळत होतं, त्याचा घोर लागलेला होता, आणि निम्म्याच्या आसपास तर आपल्या पायांनी दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आलेले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठवलं गेलं होतं.

“तुलाही बाटली दिली त्यांनी,” ती म्हणाली. “गोड होती म्हणून तू घेतलीस.”

अंधारात मी छताकडे पाहत पडून राहिले. खाली रस्त्यावरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. दारापर्यंत गेलेल्या माणसाचं काय होतं, याचा हिशोब फार थोडे लोक ठेवतात. आत गेलेल्यांची नावं फलकावर लागतात. न गेलेल्यांना गरज नव्हती असं धरून चालतात. दाराला हात लावून परत फिरलेले मात्र कुठल्याच यादीत नसतात, आणि मला वाटतं जगात संख्येने तेच जास्त असावेत.

मराठीत दोन क्रियापदं आहेत, मागणं आणि विचारणं. मागणाऱ्याचा हात पुढे असतो. देणाऱ्याने दिलं तर मिळतं, नाही दिलं तर तो हात मागे घेतो. विचारणाऱ्याचं तसं नाही. त्या शब्दातच विचार आहे. ‘मी का नाही?’ असं विचारलं की समोरच्यालाही विचार करावा लागतो, आणि त्याने उत्तर दिलं नाही तरी प्रश्न आपल्याजवळ शाबूत राहतो. मी त्या दिवशी सही मागितली होती. कमला भागवत कारण विचारायला गेली होती. आईनेही गोळ्या हातावर घेऊन विचारलंच होतं, आणि म्हणून तिचा प्रश्न तिच्यामागे उरला. शाळेत शिकवलेला अर्ज मागायचा होता. भाचीपुढे जी कोरी चौकट लुकलुकत होती ती, माझ्या मते, विचारायची जागा होती. ‘मला घ्या’ याच्याऐवजी ‘हे असं का होतं?’ एवढं तिथे नीट लिहिता आलं, तर आजीला दयेची कुबडी करण्याचं कारणच नव्हतं. आजी तिथे रुग्ण म्हणून येणार नव्हती, प्रश्न विचारणारी म्हणून येणार होती.

हे मी तिला इतक्या शब्दांत सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाल सोलता सोलता एवढंच म्हटलं, “आजी आजारी होती ते राहू दे. आजीने काय विचारलं ते लिही.” तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून टाइप करू लागली. मला पडदा दिसत नव्हता, पण या वेळी बोट खोडायच्या कळीकडे गेलं नाही. अज्जी आणि मी सोलत राहिलो. सालांचा ढीग वाढत होता. पातळ, पांढुरक्या, दाण्याच्या आकाराच्या रिकाम्या टोप्या.

तिला कुठे प्रवेश मिळेल, मिळेल की नाही, मला माहीत नाही. जागा थोड्या असतात आणि तिच्यासारखी मुलं पुष्कळ. तिच्या मुलाखती अजून व्हायच्या आहेत. पाच-सहा माणसांसमोर पांढऱ्या फळ्यापाशी उभं राहून तिला सांगावं लागेल. एखादा प्रश्न तिला येणार नाही, ‘माहीत नाही’ म्हणावं लागेल, आणि ते कसं म्हणते त्यावरही पुष्कळ ठरेल.

मी निघायच्या आदल्या रात्री, अंथरूण घालताना तिने सहज विचारलं, “मावशी, तुझ्या त्या अर्जात तू काय लिहिलं होतंस गं? तुला काय शोधायचं होतं?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. लिफाफ्याचा खाकी रंग आठवला. शाई आठवली, तिकीट आठवलं, सायकलच्या किल्लीला बांधलेला लाल दोरा आठवला. त्या रकान्यात काय होतं ते काही केल्या आठवेना. नकार मी चाळीस वर्षं जपून ठेवला आणि प्रश्न हरवून बसले. ती झोपून गेल्यावरही मी आठवत राहिले.

झोप येईना म्हणून उठून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेले. तिन्हीसांजेला अज्जींनी मी आणलेले कडवे वाल पातेलंभर भिजत घालून वर ठेवून दिले होते, सकाळी मी त्यांना आपली मोड आणायची रीत दाखवणार होते म्हणून. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडला होता. हात घालून पाहिलं. काही दाणे फुगले होते. काहींची सालं मात्र नुसतीच सुरकुतली होती, म्हातारीच्या हातासारखी, आणि आतला दाणा अजून टणक. पाण्यात राहून आधी सुरकुत्या कशा पडतात? फुगायचं तर आधी साल का, दाणा का नाही? पाणी नेमकं कुठून आत शिरतं, सगळीकडून की त्या एका पांढऱ्या डोळ्यातून? इतकी वर्षं हातांखालून वाल गेले आणि हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी एक सुरकुतलेला दाणा काढून तळहातावर ठेवला आणि उजेडाशी नेला.